संरचनात्मक नळीच्या नमन-गुणधर्मांचे संगणकीय गणन : रोल केजच्या उदाहरणाद्वारे एक विवेचन

सारांश

पोकळ पोलादी नळी वाकण्यास किती विरोध करते आणि किती भाराला कायमची वाकते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अभिकल्पाच्या सॉफ्टवेअरमुळे नळीच्या काटछेदाचे गुणधर्म आता क्षणात मिळतात. तथापि मिळालेला आकडा कोणत्या अक्षाभोवतीचा, कोणत्या आकाराचा व कोणत्या धातूचा, याची शहानिशा वापरणाऱ्यालाच करावी लागते. प्रस्तुत लेखात विद्यार्थ्यांच्या बाजा स्पर्धेतील वाहनाच्या रोल केजचे उदाहरण घेऊन हे गणन कसे करावे, कोठे गफलत होते आणि हाताने केलेल्या पडताळणीने ती कशी उघडकीस येते, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : पोकळ नळी, नमन-ताठरता, नमन-सामर्थ्य, छेद गुणांक, उदासीन अक्ष, रोल केज

प्रस्तावना

तुळई वाकताना तिच्या काटछेदात प्रतिबल कसे पसरते, हा प्रश्न गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला. हाडे, वेत व पक्ष्यांची पिसे पोकळ असूनही बळकट असतात, हेही त्याने तेथे नोंदविले. मात्र तुळईचा छेद तळकडेभोवती फिरतो, असे त्याने गृहीत धरले. वस्तुतः वाकणाऱ्या तुळईच्या एका बाजूस ताण व दुसऱ्या बाजूस दाब असतो आणि या दोहोंच्या सीमेवर, छेदाच्या मध्यकेंद्रातून जाणाऱ्या रेषेवर, प्रतिबल शून्य असते. हाच उदासीन अक्ष होय. त्याची जागा चुकल्यामुळे आयताकृती तुळईसाठी गॅलिलिओचे उत्तर आजच्या स्थितिस्थापक सूत्राच्या तिप्पट येते. पुढे अनेकांच्या प्रयत्नांतून ही उपपत्ती सुधारत गेली आणि नेव्हिएने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत तिला आजचे स्थिर रूप मिळाले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, अक्ष चुकण्याची तीच गफलत संगणकाच्या पडद्यावर आजही होऊ शकते. फरक इतकाच की आता ती दशांशचिन्हानंतरच्या चार अंकांसह छापून येते आणि म्हणून अधिक विश्वसनीय वाटते.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत या विषयाचा थेट संबंध बाजा स्पर्धेशी येतो. खडबडीत रस्त्यावर धावणारे एकआसनी वाहन विद्यार्थ्यांनी स्वतः घडवावयाचे, अशी ही स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये आणि भारतात २००७ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे संघ तीत उतरत आले आहेत. वाहन उलटल्यास चालकाच्या डोक्याभोवती जो नळ्यांचा सांगाडा उरतो तो रोल केज. त्याच्या गणनपत्रकावर विद्यार्थ्यांबरोबर मार्गदर्शक प्राध्यापकाचीही जबाबदारी असते. म्हणून हा विषय केवळ यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गापुरता राहत नाही.

१. दोन गुणधर्म, दोन प्रश्न

भार दिल्यावर नळी किती लवते, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर नमन-ताठरतेत असते. भार किती वाढविल्यावर नळी मूळ आकारात परत न येता कायमची वाकू लागते, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर नमन-सामर्थ्यात असते. रोल केजमध्ये दोहोंचे महत्त्व आहे. केज मोडली नाही, परंतु लवून चालकाच्या शिरस्त्राणाला भिडली, तरी तिचा हेतू विफल होतो.

या दोन्ही राशींच्या मुळाशी काटछेदाचे एकच भौमितिक मान असते : क्षेत्राचे द्वितीय परिबल. वर्गात त्यास सर्रास ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ म्हटले जाते. बाह्य व्यास ‘ब’ व आतील व्यास ‘अ’ असलेल्या गोल नळीसाठी,

द्वितीय परिबल = पाय × (ब⁴ − अ⁴) ÷ ६४

छेद गुणांक = द्वितीय परिबल ÷ (ब ÷ २)

नमन-ताठरता = यंगचा गुणांक × द्वितीय परिबल

नमन-सामर्थ्य = यील्ड प्रतिबल × छेद गुणांक

यील्ड प्रतिबल म्हणजे ज्या प्रतिबलापलीकडे पोलादात कायमची विकृती उरू लागते ते मान. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. यंगचा गुणांक सर्व सामान्य पोलादांसाठी जवळजवळ सारखाच असतो. महाग मिश्रपोलाद घेतले म्हणून नळी अधिक ताठर होत नाही. यील्ड प्रतिबल मात्र पोलादाच्या प्रकारानुसार आणि त्यावर झालेल्या उष्णता-प्रक्रियेनुसार दुपटीहूनही अधिक बदलू शकते. म्हणजेच ताठरता मुख्यतः आकारातून येते, तर सामर्थ्य आकार व धातू या दोहोंतून.

२. संदर्भ नळी आणि तिचे पर्याय

बाजाच्या नियमांनुसार केजच्या मुख्य भागांसाठी २५ मिमी बाह्य व्यासाची, ३ मिमी जाडीची आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असलेली पोलादी नळी वापरता येते. वेगळी नळी वापरावयाची असल्यास तिची नमन-ताठरता व नमन-सामर्थ्य ही दोन्ही, एसएई १०१८ पोलादाच्या याच मापाच्या नळीच्या तुलनेत कमी नाहीत, असे गणनाने दाखवावे लागते. संदर्भ पोलादासाठी यंगचा गुणांक २०५ गिगापास्कल व यील्ड प्रतिबल ३६५ मेगापास्कल धरले जाते.

संदर्भ नळीचे गणन असे : २५ चा चतुर्थ घात ३,९०,६२५ आणि १९ चा चतुर्थ घात १,३०,३२१. वजाबाकी २,६०,३०४. त्यास पायने गुणून ६४ ने भागले असता द्वितीय परिबल १२,७७८ मिमी⁴ येते. त्यास १२.५ ने भागले की छेद गुणांक १,०२२ मिमी³ मिळतो. तीन पर्यायांसह हे आकडे पुढील तक्त्यात दिले आहेत. पोलादाची घनता ७,८५० किलोग्रॅम प्रतिघनमीटर धरली असून, तुलनेसाठी सामर्थ्याच्या रकान्यात सर्वत्र ३६५ मेगापास्कल हेच मान घेतले आहे.

तक्ता क्र. १ : संदर्भ नळी व तीन पर्याय

| नळी (व्यास × जाडी, मिमी) | वस्तुमान (किग्रॅ/मीटर) | द्वितीय परिबल (मिमी⁴) | छेद गुणांक (मिमी³) | ताठरता (न्यूटन-मीटर²) | सामर्थ्य (न्यूटन-मीटर) |
|---|---|---|---|---|---|
| संदर्भ : २५ × ३ | १.६३ | १२,७७८ | १,०२२ | २,६१९ | ३७३.१ |
| पहिली : ३१.७५ × १.६५ | १.२२ | १७,७२३ | १,११६ | ३,६३३ | ४०७.५ |
| दुसरी : २९.२ × १.६५ | १.१२ | १३,५९८ | ९३१ | २,७८८ | ३३९.९ |
| तिसरी : २५ × २ | १.१३ | ९,६२८ | ७७० | १,९७४ | २८१.१ |

पहिली नळी संदर्भ नळीपेक्षा सुमारे २५ टक्के हलकी असूनही तिची ताठरता ३९ टक्क्यांनी व सामर्थ्य ९ टक्क्यांनी अधिक आहे. धातू उदासीन अक्षापासून दूर नेल्याचा हा लाभ होय.

दुसऱ्या नळीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ती ३१ टक्के हलकी आहे. केजला तीस मीटर नळी लागते असे धरले तर सुमारे १५ किलोग्रॅम वजन वाचते. विद्यार्थ्यांना तिचा मोह पडतो तो यामुळेच. ताठरतेच्या कसोटीस ती उतरते. सामर्थ्याच्या कसोटीस मात्र, ३६५ मेगापास्कलचे पोलाद असेल तर ती उतरत नाही; संदर्भाच्या ९१ टक्केच भरते. तीच नळी ४१३० जातीच्या मिश्रपोलादाची असून तिचे यील्ड प्रतिबल ४६० मेगापास्कल असेल, तर सामर्थ्य ४२८.४ न्यूटन-मीटर होते आणि ती निर्विवाद उत्तीर्ण ठरते.

तिसऱ्या नळीची अवस्था याच्या उलट आहे. तिच्यासाठी ५०० मेगापास्कलचे पोलाद आणले तर सामर्थ्य ३८५.१ न्यूटन-मीटर होऊन ती कसोटी पार पडते. पण ताठरता संदर्भाच्या ७५ टक्केच राहते आणि कोणतेही पोलाद ती भरून काढू शकत नाही. दोन कसोट्या स्वतंत्र का ठेवल्या आहेत, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

३. सॉफ्टवेअरमधील कार्यपद्धती

ऑटोकॅडमध्ये दोन समकेंद्री वर्तुळे काढून त्यांचे ‘रीजन’ मध्ये रूपांतर करावे, ‘सबट्रॅक्ट’ आज्ञेने आतील रीजन बाहेरील रीजनमधून वजा करावे आणि ‘मासप्रॉप’ आज्ञा द्यावी. क्षेत्रफळ, मध्यकेंद्र, द्वितीय परिबले व मध्यकेंद्राभोवतीची प्रमुख परिबले यांची यादी समोर येते. सॉलिडवर्क्समध्ये नळीचा सपाट छेद निवडून ‘सेक्शन प्रॉपर्टीज’ मधून हीच माहिती मिळते. सॉफ्टवेअर कोणतेही असो, ते मूलतः काढलेल्या आकृतीच्या क्षेत्राचे संकलन करते. आकृती बरोबर आहे का आणि ती कशासाठी काढली आहे, हे त्यास ठाऊक नसते.

४. गफलतीच्या पाच जागा

(अ) अक्षाची निवड. मासप्रॉपच्या यादीत आधी येणारी परिबले निर्देशक-पद्धतीच्या आरंभबिंदूतून जाणाऱ्या अक्षांभोवतीची असतात. दुसरी नळी आरंभबिंदूपासून आडवी व उभी १००-१०० मिमी अंतरावर काढली आहे असे समजू. समांतर अक्ष प्रमेयानुसार १३,५९८ मध्ये क्षेत्रफळ १४२.८ व अंतराचा वर्ग १०,००० यांचा गुणाकार मिळविला जातो आणि पडद्यावर सुमारे १४,४१,७०० मिमी⁴ दिसते. हा आकडा खऱ्याच्या १०६ पट आहे. अनेकदा वर्तुळे आरंभबिंदूपासून थोड्याच अंतरावर असतात. तेव्हा आकडा दोन-तीन पट होतो आणि डोळ्यांत भरत नाही. तोच प्रकार अधिक घातक. वापरावयाचे ते मध्यकेंद्राभोवतीचे मान, आणि छेद गोल नसल्यास त्यांपैकी लहान असलेले.

(आ) आतील पोकळी वजा न करणे. वजाबाकीची पायरी सुटली तर भरीव सळईचे परिबल मिळते. दुसऱ्या नळीच्या बाबतीत ते ३५,६८६ मिमी⁴, म्हणजे २.६ पट येते. क्षेत्रफळाच्या आकड्यावर एक नजर टाकली तरी ही चूक सापडते.

(इ) दोन भिन्न राशींचे एकच नाव. घनाकृती प्रतिरूपाचे वस्तुमान-गुणधर्म मागितले असता मिळणारे ‘मोमेंट ऑफ इनर्शिया’ हे वस्तुमानाचे असते. ते फिरण्याच्या गतीशी संबंधित असून त्याचे एकक ग्रॅम-मिमी² असते. वाकण्यासाठी लागते ते क्षेत्राचे, आणि त्याचे एकक मिमी⁴. एकक वाचण्याची सवय असेल तर हा घोटाळा होत नाही.

(ई) चौकोनी नळीचे कोपरे. विद्यार्थी चौकोनी नळी काढताना कोपरे काटकोनी काढतात. कारखान्यातून येणाऱ्या नळीचे कोपरे गोलाकार असतात. ५० × ५० × ३ मिमी नळीसाठी काटकोनी आकृतीतून २,०८,४९२ मिमी⁴ मिळते. बाहेरील वक्रतात्रिज्या ६ व आतील ३ मिमी धरली तर ते सुमारे १,९४,७०० मिमी⁴ होते. फरक सात टक्क्यांचा आहे. कोपरे अक्षापासून सर्वांत दूर असल्याने तेथील थोड्या धातूचाही वाटा मोठा असतो.

(उ) छेद गुणांकांची अदलाबदल. छेद गुणांक दोन प्रकारचा असतो. स्थितिस्थापक गुणांक सर्वांत बाहेरील तंतू यील्ड होईपर्यंतचा हिशोब सांगतो. प्लॅस्टिक गुणांक संपूर्ण छेद यील्ड झाल्यावरचा. भारतीय मानक ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत दोहोंसाठी ‘झेड’ हेच अक्षर वेगवेगळ्या उपचिन्हांसह येते. अमेरिकी पद्धतीत मात्र ‘झेड’ म्हणजे प्लॅस्टिक गुणांक व ‘एस’ म्हणजे स्थितिस्थापक गुणांक. सॉफ्टवेअरच्या यादीत ‘झेड’ दिसताच तो उचलला तर काय होते, ते पाहावे. दुसऱ्या नळीचा प्लॅस्टिक गुणांक १,२५४ मिमी³ आहे. त्यास ३६५ ने गुणले की सामर्थ्य ४५७.७ न्यूटन-मीटर दिसते. वर अनुत्तीर्ण ठरलेली नळी कागदावर उत्तीर्ण होते. बाजाच्या नियमातील सूत्र स्थितिस्थापक गुणांकाचे आहे. इमारतीच्या अभिकल्पात, छेदाचा व्यास व जाडी यांचे गुणोत्तर मर्यादेत असल्यास, प्लॅस्टिक गुणांक वापरणे मानकाला मान्य आहे. म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. प्रश्न आहे तो जागेचा.

५. सॉफ्टवेअरबाहेरचे आकडे

वरील सर्व गफलती टाळल्या तरी दोन आकडे सॉफ्टवेअर देऊ शकत नाही.

पहिला यील्ड प्रतिबलाचा. सॉफ्टवेअरच्या धातु-संग्रहात एकाच जातीचे पोलाद वेगवेगळ्या उष्णता-प्रक्रियांसह नोंदलेले असते. त्यांतील एक निवडल्याने आपल्या कार्यशाळेत आलेली नळी तशी होत नाही. भारतीय मानक ११६१ नुसार ‘वायएसटी २४०’ या प्रतीच्या नळीचे किमान यील्ड प्रतिबल २४० मेगापास्कल असते. दुसऱ्या मापाची नळी या प्रतीची निघाली, तर तिचे सामर्थ्य २२३.५ न्यूटन-मीटर, म्हणजे संदर्भाच्या ६० टक्केच राहील. बाहेरून दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात. चाचणी प्रमाणपत्र आणि शक्य असल्यास त्याच लाटेतील नमुन्याची ताण-चाचणी, हाच येथे आधार. शिवाय थंड अवस्थेत ओढून बनविलेल्या नळीस त्या प्रक्रियेतून मिळालेले वाढीव सामर्थ्य वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगत काही अंशी नष्ट होते. गणनपत्रकातील सामर्थ्य हे अखंड नळीचे असते, जोडाचे नव्हे.

दुसरा आकडा प्रत्यक्ष जाडीचा. १.६५ मिमी म्हणून घेतलेल्या नळीची भिंत मोजमापात १० टक्क्यांनी पातळ, म्हणजे १.४८५ मिमी भरली असे समजू. द्वितीय परिबल १२,४५० मिमी⁴ होते व ताठरता २,५५२ न्यूटन-मीटर². संदर्भाच्या २,६१९ पेक्षा हे कमी आहे. म्हणजे पोलाद ४६० मेगापास्कलचे असूनही नळी अनुत्तीर्ण ठरते. कागदावर साडेसहा टक्क्यांहून कमी अंतराने मिळालेले यश असे एका सूक्ष्ममापीच्या मोजणीने संपुष्टात येऊ शकते. म्हणून नळी कापण्यापूर्वी दोन्ही टोकांना, परिघावर चार ठिकाणी जाडी मोजून सर्वांत लहान मान गणनात घ्यावे.

याखेरीज यंगच्या गुणांकाबाबत एक सूचना आवश्यक वाटते. बाजाचे नियम २०५ गिगापास्कल धरतात, तर भारतीय मानक ८०० मध्ये २०० गिगापास्कल घेतले आहे. दोन नळ्यांची तुलना करताना दोहोंसाठी एकच मान ठेवावे. अन्यथा आकारात नसलेली अडीच टक्के ताठरता केवळ संग्रहातून निर्माण होते.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

हाताने गणन करण्यास पाच मिनिटे लागतात आणि सॉफ्टवेअरला पाच सेकंदही लागत नाहीत. तेव्हा हाताने कशासाठी करावे, असा प्रश्न विद्यार्थी रास्तपणे विचारतात. गोल नळीसाठी हाताचे उत्तर आणि सॉफ्टवेअरचे उत्तर तंतोतंत जुळावयास हवे, कारण सूत्र अचूक आहे. जुळले नाही तर वर सांगितलेल्या पाचांपैकी एक गफलत निश्चित झालेली असते. गोल नळी ही अशा रीतीने सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचीच परीक्षा ठरते. ती उत्तीर्ण झाल्यावर, ज्यासाठी सोपे सूत्र नाही अशा छेदाकडे विद्यार्थ्याने वळावे.

गणनपत्रकात पुढील गोष्टी स्वतंत्र रकान्यांत मागाव्यात, असे सुचवावेसे वाटते : मोजलेला बाह्य व्यास व मोजलेली किमान जाडी, मध्यकेंद्राभोवतीचे द्वितीय परिबल, हाताने काढलेले व सॉफ्टवेअरने दिलेले, छेद गुणांकाचा प्रकार, यील्ड प्रतिबलाचा आकडा व तो ज्या प्रमाणपत्रातून घेतला त्याची नोंद, आणि ताठरता व सामर्थ्य या दोहोंची संदर्भाशी टक्केवारी. केवळ पडद्याचे चित्र जोडलेले पत्रक स्वीकारू नये. केजच्या संपूर्ण विश्लेषणात दिसणारे रंगीत चित्रही याच आकड्यांवर उभे असते; छेदाचा गुणधर्म किंवा यील्ड प्रतिबल चुकीचे दिले असेल, तर ते चित्र सुरक्षिततेबद्दल काहीही सांगत नाही.

निष्कर्ष

१. नमन-ताठरता व नमन-सामर्थ्य या स्वतंत्र कसोट्या असून एकीतील यशावरून दुसरीचे अनुमान करता येत नाही.

२. सॉफ्टवेअर काढलेल्या आकृतीचे भौमितिक गुणधर्म अचूक देते. अक्ष, पोकळी, एकक, कोपरा व गुणांकाचा प्रकार यांची निवड मात्र वापरणाऱ्याची असते.

३. नळी उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, याचा निर्णय पुष्कळदा सॉफ्टवेअरबाहेरील दोन आकडे करतात : प्रमाणित यील्ड प्रतिबल आणि प्रत्यक्ष मोजलेली जाडी.

४. गोल नळीचे हाताने केलेले गणन हा सॉफ्टवेअरच्या वापराचा पर्याय नसून त्याची पूर्वअट आहे. ज्या सांगाड्याच्या आत आपला विद्यार्थी बसणार आहे, त्याच्या पत्रकावर स्वाक्षरी करण्यापूर्वी मार्गदर्शकाने निदान एका नळीचे गणन स्वतः करून पाहणे अगत्याचे आहे.